कुठले जोशी?

"अरे, हातानं घे ना! चमचा कसला शोधतोयस?"

असं म्हणून उपेंद्र परचुऱ्यांनी स्वतःचा डबा माझ्यापुढं सरकवला. "आईनं केल्यात सकाळी. पुरणपोळी काय चमच्यानं खातात? तोड बिनधास्त."

मी तोडली. निम्मी पोळी माझ्या हातात आली. उरलेली निम्मी त्यांनी उचलली, तुपात बुडवली आणि डोळे मिटून खाल्ली. अख्ख्या कंपनीचा मालक माझ्याबरोबर एका डब्यातनं जेवत होता. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता.

कंपनीचं नाव शुभघटी टेक्नॉलॉजीज. पुण्यात, बाणेरला, सहाव्या मजल्यावर. मोबाइलवरचं त्यांचं ॲप होतं. पंचांग, पत्रिका, मुहूर्त, गुणमेलन, सगळं एका बोटावर. त्यांना प्रोग्रामर हवा होता आणि मला नोकरी हवी होती. हवी म्हणजे कशी, तर तहानलेल्याला पाणी हवं तशी. सोलापूरची माझी पहिली कंपनी बसली होती आणि मी बार्शीला घरी येऊन पडलो होतो. वडील, म्हणजे आमचे दादा, रोज पहाटे गुडघे धरून कामाला बाहेर पडायचे आणि मी इंजिनिअर झालेला पोरगा अंथरुणात पडून त्यांच्या वहाणांचा आवाज ऐकायचो. मला नोकरी लागली की दादांनी घरी बसायचं, असं आमच्यात ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं आणि ते "बघू" म्हणाले होते.

मुलाखतीच्या आधीच्या फेऱ्या मी जिंकल्या होत्या, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पहिली फेरी लेखी. दुसरी फेरी केदारची. हा त्यांचा तांत्रिक प्रमुख, माझ्यापेक्षा चारदोन वर्षांनी मोठा असेल. त्यानं सगळ्यांना एकच प्रोग्राम लिहायला दिला होता. जन्माची तारीख आणि वेळ दिली की पत्रिकेवरचा वार सांगायचा. सोपं वाटतं. बाकीच्यांनी रात्री बाराला वार बदलला. मी सूर्योदयाला बदलला, कारण मंगळवारी पहाटे चारला जन्मलेलं पोर पंचांगाच्या हिशेबानं सोमवारचं असतं.

"हे कुठं शिकलास?" केदारनं विचारलं होतं.

"घरीच."

त्यानं माझ्या अर्जावरचं आडनाव बघितलं आणि मान डोलावली. "बरोबर. जोशी."

मी काही बोललो नाही. आडनाव जोशीच होतं.

तर आता ही शेवटची फेरी. परचुरे सर म्हणायचे, माणूस पारखायचा तर जेवताना पारखावा. त्यांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. ते, केदार, मी आणि कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन नंदिनी वैद्य. उमेदवारांची आणणी-नेणी, पत्रं, फोन, हे सगळं ती बघायची. सकाळी खाली आल्यापासून ती माझ्याशी अगदी अदबीनं वागत होती. जोशी सर, या. जोशी सर, पाणी. मला आयुष्यात तोवर कुणी सर म्हटलं नव्हतं.

"विश्वनाथ!" परचुरे सर म्हणाले. "काशीविश्वनाथ. नाव कुणी ठेवलं रे?"

"आजोबांनी."

"आजोबा काय करायचे?"

"भविष्य सांगायचे."

"आणि वडील?"

"तेच."

"बघ केदार, बघ!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "मी म्हणत नव्हतो? हे रक्तात असावं लागतं. किती पिढ्या?"

"मोजल्या नाहीत, सर. आमच्यात दुसरं काही कुणी केलेलंच नाही. शिकलेला मीच पहिला."

"म्हणजे हे कॉलेजचं शिक्षण. ते आता सगळ्यांनाच घ्यावं लागतं बाबा. मग लोक घरी येत असतील, पत्रिका घेऊन?"

"नाही. आम्हीच जायचो दारी."

"यजमानांकडे!" त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "जुनी पद्धत. विद्या विकायची नाही, श्रद्धेनं जे हातावर पडेल ते घ्यायचं. आता कोण करतं असं?"

"हो, पडेल ते घ्यायचं," मी म्हणालो.

एक शब्द मी खोटा बोललो नव्हतो. ते काय समजतायत हे मला कळत नव्हतं असंही नाही, मी काय कुक्कुलं बाळ होतो? पण मी म्हटलं, प्रोग्राम मी लिहिलाय, फेऱ्या मी पार केल्यात, वर ह्यांना माझ्या आडनावाचा पुळका येत असेल तर येऊ दे बापडा. त्यांना गोड लागतंय तर मी कशाला मीठ टाकू?

"नंदिनी," ते म्हणाले, "ह्याला आजच पत्र दे. सोमवारपासून येऊ दे. चांगला दिवस आहे."

"हो सर."

झालं! मनातल्या मनात मी दादांना फोन लावलासुद्धा. दादा, उद्या पहाटे उठू नका. पडून राहा. ऊन वर आलं की चहा घ्या.

"आता तू घरचाच," परचुरे सर म्हणाले. "तुला एक गंमत दाखवतो. केदार, लाव रे ते. पुढच्या महिन्यात सगळ्या महाराष्ट्रात लावणार आहोत, एस्टी स्टँडवर, बाजारात, सगळीकडे."

केदारनं भिंतीवरच्या पडद्यावर चित्र लावलं.

चित्रात एका घराच्या दारात एक माणूस उभा होता. डोक्याला पागोटं, अंगात बंडी, खाली धोतर, काखेत झोळी, हातात कुडमुडं. दात पुढं आलेले, डोळे लबाड. उंबऱ्यात एक बाई भाबडेपणानं त्याच्याकडं बघत होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दारावरच्या कुडमुड्याला हाकला!' आणि खाली, 'खरं भविष्य शास्त्रोक्त शुभघटीवर.'

पागोटं मात्र बरोबर काढलं होतं. दादा तसंच बांधतात, डावीकडं शेव सोडून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुडमुडं म्हणजे डमरूसारखं, मुठीत मावणारं वाद्य. ते वाजवत पहाटे गावातनं फिरायचं, दारात उभं राहून शकुन सांगायचा आणि बाई देईल ती पसाभर ज्वारी झोळीत घ्यायची. हे करणारी आमची जात. कुडमुडे जोशी. 'कसला कुडमुड्या ज्योतिषी आहे हा' असं तुम्ही थापाड्या माणसाला म्हणता ना, ती तुमची शिवी आहे, आमची जात आहे. मी जन्मलो तेव्हा आमचं पाल विश्वनाथाच्या देवळामागं पडलं होतं, म्हणून आजोबांनी माझं नाव विश्वनाथ ठेवलं. काशी आमच्यात कुणी बघितलेली नाही.

"कसं वाटतंय?" परचुरे सरांनी विचारलं. "तू ह्यातला जाणकार. तू सांग."

गप्प बस, असं माझं पोट मला सांगत होतं. पत्र हातात पडू दे, सोमवार उजाडू दे, एकदा बूड टेकलं की मग बघू. आणि मी बसलोही असतो गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची आम्हाला पिढीजात सवय. पण त्या केदारला हुक्की आली. त्यानं टेबलावर बोटं वाजवली, तोंड वेंगाडलं आणि नाकातनं सूर काढला, "कुडमुड कुडमुड... माय गं, तुज्या कपाळी राजयोग हाय, पर घरात येक वाईट नजर हाय गं माय..."

परचुरे सर खोखो हसले. कोपऱ्यात नंदिनीही हसली.

केदारनं सूर हुबेहूब लावला होता, तोच तर राग. पोट खपाटीला गेलेलं असताना माझा बाप ज्या सुरात लोकांना राजयोग सांगायचा, तो सूर हा माणूस पुरणपोळी खाता खाता काढत होता.

"सर," मी म्हणालो, "हा आमचा माणूस आहे."

"कोण? चित्रातला? ओळखीचा आहे तुझ्या?"

"आमच्या जातीचा आहे. मी कुडमुडा जोशी आहे, सर. आजोबांनी हेच केलं. दादा अजून हेच करतात."

परचुरे सर आधी माझ्याकडं बघत राहिले आणि मग एकदम हसत सुटले. "केदार, विनोदबुद्धी पण आहे हं ह्याला! कसला सरळ चेहरा ठेवून बोलला बघ!"

केदारही हसला. मी हसलो नाही. मग हळूहळू त्यांचं हसणं आटलं.

"अच्छा," परचुरे सर म्हणाले. "अच्छा, अच्छा. म्हणजे ते... पण मग तुम्ही जोशी कसे?"

"आम्ही पहिल्यापासून जोशीच."

"तसं नव्हे, म्हणजे मला वाटलं..." त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. 'अरे'चं 'अहो' झालं होतं एवढं मात्र माझ्या कानानं टिपलं. घरचा माणूस घटकाभरात पाहुणा झाला.

डबा आमच्या मध्ये तसाच होता. दीड पोळी उरली होती, त्यातली अर्धी मी तोडून ठेवलेली, तुपाची वाटी निम्मी भरलेली होती. परचुरे सरांचा हात सवयीनं डब्याकडं गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी दोन बोटांनी डब्याची कड धरून तो माझ्या बाजूला सरकवला.

"घ्या ना," ते अगदी प्रेमानं म्हणाले. "संपवा तुम्ही. मला आता नको."

त्यांनी रुमाल काढला आणि ती दोन बोटं पुसली. मी बघतोय हे त्यांना कळलं असेल नसेल, कोण जाणे. माझ्या तोंडातलं पुरण एकाएकी मातीसारखं लागायला लागलं. थुंकायला जागा नव्हती म्हणून गिळलं.

"तर विश्वनाथ," ते म्हणाले, "आपली अजून एक फेरी राहिलीय. भाषेची. ग्राहकांशी बोलावं लागतं, उच्चार वगैरे..."

"प्रोग्रामरला?"

केदारनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. मघाशी राजयोग सांगणाऱ्याची वाचा बसली होती.

"प्रोसेस असते हो," परचुरे सर म्हणाले. "सगळ्यांनाच असते."

"पण आजच पत्र द्या म्हणालात तुम्ही. सोमवारपासून या म्हणालात."

"मी? असं म्हणालो?" त्यांनी कोपऱ्याकडं वळून बघितलं. "नंदिनी, असं म्हणालो का गं मी?"

नंदिनीनं लॅपटॉपवरनं मान वर केली नाही. "नाही सर. 'बघूया' म्हणालात."

वा! म्हटलं, उंदराला मांजर साक्ष. समोर बसलेल्या माणसाचे कान कापून हातात देतात ही माणसं आणि वर विचारतात, तुम्हाला कान होते का हो? मी उठणार एवढ्यात परचुरे सरांनी हात वर केला. त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं होतं. डोळ्यांत पुन्हा चमक आली होती.

"थांबा, थांबा. रागावू नका. उलट एक चांगली गोष्ट सुचलीय मला. हे चित्र तसं... कसं आहे, लोकांचा चित्रावर विश्वास बसत नाही. आजकाल सगळ्यांना खरं काहीतरी लागतं. नाही का केदार?"

"हो सर, अस्सल लागतं," केदारला वाचा फुटली.

"म्हणून म्हणतो, म्हणजे तुमची हरकत नसेल तर..." बराच वेळ ते ताकाला जाऊन भांडं लपवत होते. शेवटी भांडं बाहेर आलं. "वडील अजून फिरतात म्हणालात ना? त्यांनाच आणा की एक दिवस! छोटासा व्हिडिओ करू. पोशाख आहेच त्यांच्याकडे, वाद्यही आहे. अभिनय-बिभिनय काही करावा लागणार नाही, नेहमी करतात तेच करायचं. दारात उभं राहायचं, चार शब्द बोलायचे, आणि शेवटी आतली बाई मोबाइल दाखवते आणि तोंडावर दार लावते. बस! मानधन चांगलं देऊ. आणि ते मार्गी लागलं की तुमच्या नोकरीचंही बघता येईल."

मला ऐकू नीट आलं होतं, तरी वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. बापानं घरी बसावं म्हणून मी नोकरी मागत होतो, आणि नोकरी हवी तर बापाला महाराष्ट्राच्या प्रत्येक एस्टी स्टँडवर उभा कर, असं हा माणूस मला हसत सांगत होता. त्याच्या मिशीला तूप लागलेलं होतं. ते बघून मला शिसारी आली.

"सर," मी म्हणालो, "माझ्या बापाच्या तोंडावर आजवर पुष्कळ बायकांनी दार लावलंय. फुकटात. त्याचे पैसे मोजायला निघालेला तुमच्यासारखा हलकट मात्र आजच बघितला."

"ए, नीट बोल!" केदार उठला.

"बस रे खाली, नाकातनं बोलणाऱ्या."

"अहो, चिडताय कशाला?" परचुरे सर दोन्ही हात हलवत म्हणाले. ओरडले नाहीत, हे त्यांचं कौतुक. "तुम्ही भलताच अर्थ काढताय. इथं जात-बीत कुणी मानत नाही. हे टेक्नॉलॉजीचं ऑफिस आहे."

"मानत नाही?"

"छे! अजिबात नाही."

मी डबा उचलला आणि त्यांच्या पुढ्यात आदळला. तूप टेबलावर सांडलं. "मग खा. मी तोडलेली आहे ती अर्धी. आईनं केलीय ना? खा एक घास आणि मग मी चाललो. मी तुमची माफी मागून जातो."

ते पोळीकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. काय हो, एक घास! माणूस नुसता नाइलाजानंसुद्धा खाईल. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी खावा. माझ्या तोंडात मारायला तरी खावा.

"माझं पोट भरलंय," ते म्हणाले.

नंदिनी मला खाली सोडायला आली. पाहुण्याला एकट्यानं लिफ्टनं जाऊ देत नसत आणि गळ्यातला पासही परत घ्यायचा होता. लिफ्टचं दार लागलं तसा मी तिच्यावर उखडलो.

"म्हणाले की नाही ते? 'आजच पत्र दे' म्हणाले की नाही?"

"म्हणाले," ती म्हणाली.

"मग? लाज नाही वाटत तुम्हाला?"

ती आकड्यांकडं बघत राहिली. पाच, चार. मग म्हणाली, "तुम्ही सांगायलाच नको होतं."

"काय?"

"कोण विचारत होतं तुम्हाला? चित्र दाखवलं, छान आहे म्हणायचं. पत्र मी दुपारी दिलंच असतं. एवढं सोयीचं आडनाव देवानं दिलंय, तुम्ही ते हातानं घालवलंत."

सोयीचं! माझं डोकंच सटकलं. "मॅडम, तुम्हाला काय कळणार हो? तुम्हाला कधी कुणी विचारलंय का, कुठले वैद्य म्हणून?"

"नाही विचारलं," ती म्हणाली. "मी आल्यापासून एकदाही नाही. मीही सांगितलं नाही."

लिफ्ट थांबली. दार उघडलं. ती बाहेर पडली नाही. तिनं दार धरून ठेवलं आणि खालच्या आवाजात भराभरा बोलली, "आमच्याकडं चंद्रपूरच्या बाजूला वस्तीतली सगळी घरं वैद्य आहेत. गावाबाहेरची वस्ती. परचुरे सरांच्या आई मला दर संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावतात. मी जाते. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी तिळाचे लाडू वळलेत. त्या म्हणतात, आमच्या नंदिनीच्या हाताला चव आहे."

मघाशी ती कोपऱ्यात हसली होती, केदारच्या सोंगाला. ते हसू आठवलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

"तुम्ही आत्ता रागात आहात," ती म्हणाली. "पण वर फोन करून, चिठ्ठी लिहून, कुठं काही बोलणार नाही ना? माझ्या धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू आहे. मी फक्त तुम्हालाच सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं हो मी कधी."

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला.

"नाही बोलणार," मी म्हणालो.

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

तिनं माझ्या गळ्यातला पास काढून घेतला. ओढणीनं तोंड पुसलं, केस सारखे केले. लॉबीतल्या सोफ्यावर फाइल मांडीवर घेऊन एक मुलगा वाट बघत बसला होता. त्याच्याकडं बघून ती छान हसली. "देशमुख सर ना? या."

दादांना मी सांगितलं की जागा आधीच भरली होती. ते "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पडले. पुढं वर्षभरानं मला हैदराबादला काम मिळालं, तिथं जोशी म्हटलं काय न् आणखी काय म्हटलं काय, कुणाला पत्ता नव्हता. दादा घरी बसले, अंगणात ऊन खात. ती सगळी गोष्ट वेगळी.

ही गोष्ट मी आता लिहितोय, तर एक सांगून टाकतो. परचुऱ्यांचं नाव मी बदललंय ते वकिलाच्या भीतीनं. नंदिनीचंही बदललंय. तिचं नाव नंदिनी नाही आणि आडनाव वैद्य नाही, दुसरंच आहे, असंच दोन्हीकडं चालणारं. चंद्रपूरही नाही. इतकी वर्षं झाली, पण ती अजून त्या सहाव्या मजल्यावर असेल, अजून संक्रांतीला त्या स्वयंपाकघरात लाडू वळत असेल, तर? म्हणून तिचं खरं नाव लिहायला माझा हात धजत नाही. परचुऱ्यांनी बोटं पुसली त्याची किळस कधीतरी गेली. ह्या लपवालपवीची जात नाही.